मृगावर पेरलेला काळा पाइन

निपाणीच्या दादांनी विचारलंय त्याचं उत्तर जरा लांबणार आहे. प्रश्न थोडक्यात असा: गेल्या जूनमध्ये मृग निघाल्यावर जपानी काळ्या पाइनचं वीस बी शेतातली माती आणि शेणखत घालून कुंडीत पेरलं. सोळा उगवली, ऑगस्टपर्यंत दहा आडवी झाली. राहिलेली सहा आता सात महिन्यांची, बोटभर उंच आहेत. कुंडीच्या भोकातून पांढरी बुरशी दिसते, तर औषध ओतायचं का? चिनी मातीचा बोनसाय ट्रे आणून ठेवलाय, त्यात आता लावायची का? आणि पाकिटात पंधरा बी उरलंय, त्याचं काय करायचं?

आधी तातडीचं. बुरशीनाशक ओतू नका. त्या पांढऱ्या जाळ्याचा वास घेऊन बघा. पहिल्या पावसानंतर रानात अळंबी उगवते तिथं येतो तसा वास असेल आणि मुळं टणक असतील, तर ते तुमच्या झाडाचं सोबती कवक आहे. पाइनच्या मुळांना ते बाहेरून वेढतं, मातीतलं पाणी आणि स्फुरद आणून देतं, बदल्यात झाडाकडून साखर घेतं. ह्या सोबतीशिवाय पाइन कुंडीत नीट वाढत नाही. कुंडी बदलताना ही माती धुऊन टाकू नका, मूठभर जुनी माती नव्या मिश्रणात मिसळा. खतांच्या दुकानात मायकोरायझा म्हणून पुडे मिळतात, पण त्यातलं कवक बहुतेक वेळा ऊस-मिरचीच्या मुळांच्या आत शिरणारं असतं. पाइनला त्याचा उपयोग नाही. तुमच्या कुंडीत योग्य जातीचं आपोआप आलंय, ते जपा. मुळं काळी पडून हातात कुजकी येत असतील तर मात्र ती वेगळी गोष्ट, ती मुळं कापून काढावी लागतील.

आता गेलेली दहा. तुम्ही निपाणीचे, तेव्हा तंबाखूचं तरू, म्हणजे लावणीची रोपं, टाकताना हा रोग नक्की पाहिला असेल. रोप जमिनीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि सकाळी बघावं तर आडवं. तीच कोलमड इथं झाली. काळी माती पाणी धरून बसते, शेणखतात बुरशीला खायला मिळतं, वर महिनाभर ऊन नाही. माझी पहिल्या वर्षीची चाळीस रोपं जुलैच्या एका आठवड्यात अशीच गेली होती. तेव्हा मी बियाण्याला दोष दिला. खरी चूक पेरणीच्या वेळेची होती, आणि ती आपण सगळेच करतो, कारण आपल्या अंगात मृगाची पेरणी मुरलेली आहे.

हे झाड मूळचं जपान आणि दक्षिण कोरियाच्या समुद्रकाठचं. वाळू, खारा वारा, भरपूर ऊन आणि खरी थंडी ह्यात वाढलेलं. जपानात पाइन बोनसायसाठी सगळ्यात नावाजलेला भाग म्हणजे शिकोकू बेटावरचं ताकामात्सू, तिथली किनाशी आणि कोकुबुंजी ही गावं. तिथं शेतात ओळीनं काळे पाइन लावलेले असतात, आपल्याकडं मिरची लावतात तसे. तिथली जमीन निचऱ्याची, आणि पाऊस जपानच्या मानाने कमी. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस होतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. तुमच्याकडं निपाणी-चिकोडीला कमी, खानापूर-जांबोटीकडं दुप्पटतिप्पट. म्हणून ह्या झाडाचं पंचांग आपल्याकडं उलटं लावायचं. पावसाळा येईपर्यंत रोप चार-साडेचार महिन्यांचं, बुडाशी टणक झालेलं असलं पाहिजे.

मी बी दिवाळीनंतर काढते. चोवीस तास साध्या पाण्यात भिजवून तळाशी बसलेलं घ्यायचं, तरंगणारं टाकून द्यायचं. मग ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा आठवडे. आपली थंडी बियाण्याला पुरत नाही, ती फ्रिजमधून द्यावी लागते. जानेवारीच्या सुरुवातीला पेरलं की दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारवा दोन्ही मिळतात, दोन ते चार आठवड्यांत उगवतं. तुमची संक्रांत होऊन गेली आहे, पण पंधरा बी वाया घालवू नका. आज भिजवा, तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा आणि फेब्रुवारीच्या मध्याला पेरा. उगवण थोडी मागेपुढे होईल एवढंच. कोंबाच्या डोक्यावर बियाण्याची टोपी राहते, ती ओढून काढू नका, आतल्या सुया तुटतात. आणि वर जाळी टाकाच, चिमण्या आणि खारी ती टोपी कोंबासकट नेतात.

माती हा शब्दच इथं विसरा. शेतातली माती नको, शेणखत नको. मी खानापूरच्या जुन्या कौलांचे तुकडे कुटून घेते. धान्याच्या दोन चाळण्या लावून ज्वारीच्या दाण्याएवढे ठेवायचे, पूड फेकून द्यायची. त्यात निम्मी जाड नदीची वाळू, धुतलेली. जपानी आकादामा, म्हणजे बोनसायसाठीची दाणेदार माती, मागवायला पैसे घालवायची गरज नाही. भाजलेलं कौल पाणी पोटात धरतं आणि दाण्यांमधून हवा खेळती ठेवते, आपल्याला एवढंच हवंय. हे काम धुळीचं आहे, तोंडाला रुमाल बांधूनच करा.

ह्या पंधरांवर एक काम करायचं, जे आधीच्या सहांवर आता करता येणार नाही, आणि बियाण्यापासून बोनसाय करण्याचा सगळा फायदा त्यातच आहे. रोप सहा-सात आठवड्यांचं झालं, मधून पहिल्या खऱ्या सुया डोकावायला लागल्या आणि देठ अजून मऊ, जांभळट असला, की रोप उपटून नव्या ब्लेडनं देठ आडवा कापायचा. मुळं पूर्ण टाकून द्यायची. हो, पूर्ण. वर दोन-तीन सेंटिमीटर देठ राहतो. कापलेलं टोक मुळं फुटायच्या पावडरीत बुडवून बारीक चाळलेल्या ओल्या वाळूत खोचायचं. तीन-चार आठवडे सावलीत, वर पारदर्शक डबा पालथा घालून, रोज थोडा वेळ उघडून. हे पहिल्यांदा करताना हात थरथरतो. काही रोपं जातात, माझी अजूनही जातात. पण नैसर्गिक रोपाचं एकच सोटमूळ सरळ खाली जातं, आणि कापलेल्या रोपाला कापाच्या कडेनं चहूबाजूंनी मुळं फुटतात. दहा वर्षांनी बुंध्याशी कोंबडीच्या पंजासारखी पसरलेली जी मुळं दिसतात, ज्यांना जपानी नेबारी म्हणतात, ती ह्या एका मिनिटात ठरतात. तुमची फेब्रुवारीची पेरणी एप्रिलच्या मध्याला कापायला येईल. तेव्हा ऊन कडक असतं, म्हणून शेडनेटखाली ठेवा आणि वळीव आला तर आडोशाला घ्या.

जुन्या सहा रोपांचा देठ आता लाकूड झालाय, ती तशी कापू नका. पण जानेवारीअखेर ते फेब्रुवारी ही कुंडी बदलायची बरोबर वेळ आहे, कळ्या सुटायच्या आत. सोटमूळ एक-तृतीयांश छाटा, बाजूची मुळं ठेवा, रोपाखाली सपाट खापरी ठेवून मुळं तिच्यावरून बाहेर पसरवा. आणि ट्रेमध्ये नाही! ट्रे फडताळात ठेवून द्या. उथळ भांड्यात गेलेलं रोप तिथंच थांबतं, काडीएवढा बुंधा वर्षानुवर्षं काडीएवढाच राहतो. बाजारात भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार पाटी मिळते, ती घ्या. जाळीपाशी आलेलं मूळ हवेत सुकतं आणि मागून बारीक मुळं फुटतात, कुंडीत गोल फिरत बसत नाही.

पुढची चार-पाच वर्षं फक्त ऊन, खत आणि वाढ. पूर्ण ऊन, गच्चीवर, कधीही घरात नाही. दुसऱ्या हिवाळ्यात बुंधा वाकतो तोवर खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये ॲल्युमिनियमची तार घालून वळण द्या, नंतर ते होत नाही. तार रुतायच्या आत काढा, आपल्याकडं वाढ लवकर होते. बुंधा जाड करायला एखादी फांदी मोकळी वाढू द्यायची आणि काम झाल्यावर कापून टाकायची. खताला शेंगपेंड उत्तम, जपानात मोहरीवर्गातल्या बियांची पेंड वापरतात, काम तेच. पावसाळ्यात तिच्यात अळ्या होतात, म्हणून जून ते ऑगस्ट मी देत नाही. त्या तीन महिन्यांत रोपांवर प्लास्टिकचं छप्पर, बाजू मोकळ्या. वारा पाहिजे, थेट धार नको.

उन्हाळ्यात पाण्याचं बघा. बोअरचं जड पाणी वर्षभर दिलं की सुया पिवळ्या पडतात, पाइनला किंचित आम्ल पाणी मानवतं. पावसाचं एक पिंप भरून ठेवलेलं बरं.

मेणबत्तीसारखे उभे कोंब येतात ते कापून सुया आखूड करणं, ज्याला मेकिरी म्हणतात, ते काम जपानात जून-जुलैत करतात. इंटरनेटवर तेच महिने दिसतील. आपल्याकडं तेव्हा धो धो पाऊस, कापलेली जागा सुकत नाही. शिवाय आपली वाढ डिसेंबरपर्यंत चालते, इतक्या लवकर कापलं तर सुया परत लांब होतात. मी गणपतीच्या आसपास, उघडीप बघून कापते. पण हे तुम्हाला पाच वर्षांनी लागणार, आणि तेही झाड दांडगं असेल तरच. अशक्त झाडाचे कोंब कापले तर ते त्या वर्षीच जातं.

एक शंका तुम्ही विचारली नाही, पण मनात येईल: सुया एकेकट्या आणि निळसर आहेत, बी खोटं तर नाही? पहिल्या वर्षी तशाच असतात, जोड्या नंतर येतात. शेंड्याची कळी बघा. पांढरट, रेशमी असली तर काळा पाइन, तांबूस असली तर लाल पाइन असायची शक्यता जास्त. आणि पाकिटावर 'बोनसायचं बी' लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही, बोनसायचं वेगळं बी नसतं.

सहा रोपं काढाल तेव्हा मुळं झाकायच्या आधी ओल्या पोत्यावर ठेवून फोटो टाका. कुठलं मूळ कुठं कापायचं ते प्रत्येकाचं सांगते. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढा, आणि मुळं पाच मिनिटंसुद्धा वाऱ्यावर उघडी ठेवू नका.