बाबांना बोटीवर न्या, फक्त क्रेडिट कार्डावर नेऊ नका

पत्र न्यू जर्सीहून आलंय, आधी थोडक्यात सांगतो. नवरा-बायको दोघं नोकरीला, मिळून वर्षाला १,६५,००० डॉलर, दोन मुलं. मार्चमध्ये आई-बाबा मालवणहून व्हिजिटर व्हिसावर येतायत, ऑगस्टअखेर परत जाणार. बाबा ६९ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, आयुष्यभर खडकावर बसून गळ टाकला पण मोठ्या बोटीवरून खोल दर्यातला मोठा मासा कधी पकडला नाही, ही त्यांची एकच हौस. तर मुलाचा प्लॅन असा की ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सेंट थॉमस (कॅरिबियनमधल्या अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समधलं बेट), ७ रात्री, रिसॉर्टच्या दोन खोल्या, आणि एक दिवस फुल डे फिशिंग चार्टर (कॅप्टनसकट भाड्याने घेतलेली बोट) १,८०० डॉलरचा, मित्राची चार जणांची फॅमिली पण येतेय म्हणून तो निम्मा भरणार. एकूण खर्च ११,८००. हातात ५,०००, उरलेले ६,८०० कार्डावर २४ टक्क्यांनी, आणि ते फेडायला सहा महिने ४०१-के (पगारातून कापून निवृत्तीसाठी साठवायचे पैसे) बंद ठेवायचं. प्रश्न एकच विचारलाय, "फिशिंग कॅन्सल करू का?"

नका करू. मला वाटतं तुम्ही चुकीच्या खर्चावर कात्री ठेवलीय. अख्ख्या ट्रिपमध्ये फिशिंग हीच एक गोष्ट आहे जिच्यासाठी तुम्ही हे सगळं करताय, रिसॉर्टच्या पूलमध्ये बाबा काही उतरणार नाहीत. फिशिंग ठेवायचं, लहान करायचं, आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती परत मांडायचं.

आधी पैसे कुठून येणार ते बघू, कारण खरा घोळ तिथे आहे. तुमचा पगार १,२०,००० आणि तुम्ही ६ टक्के ४०१-के मध्ये टाकता म्हणजे महिना ६००, कंपनी त्यावर निम्मे म्हणजे ३०० घालते. सहा महिने बंद केलं की कंपनीचे १,८०० गेले. आता आकडा बघा, तुमच्या फुल डे बोटीचा कोट पण १,८०० च आहे! म्हणजे एक बोट तुम्ही दर्यात नेणार आणि दुसरी तेवढ्याच किमतीची कंपनीला परत देऊन टाकणार. बरं, बंद करून हातात ६०० येतील असं धरलंय तुम्ही, ते पण नाही, हे पैसे टॅक्सच्या आधीचे, टॅक्स कापून साडेचारशेच्या आसपास येतील. महिना ४५० ने ६,८०० चं कर्ज २४ टक्क्यांनी फेडायला दीड वर्ष लागतं, सहा महिने नाही, आणि व्याज जातं जवळजवळ १,४००. बाबा मालवणात जाऊन वर्ष होईल तरी तुम्ही त्या माशाचे हप्ते भरत असाल.

दुसरा हिशोब मित्राचा. तुम्ही सहा आणि ते चार, दहा माणसं. अमेरिकेत अशा लहान चार्टर बोटींवर कॅप्टनकडे जे नेहमीचं कोस्ट गार्डचं लायसन्स असतं त्यात पैसे देणारे पॅसेंजर जास्तीत जास्त सहाच नेता येतात, आणि सेंट थॉमस अमेरिकेचीच टेरिटरी असल्यामुळे तिथे पण हाच नियम. "चार माणसं अजून बसवा हो" हे आपल्याकडच्या होडीवर चालत असेल, तिथे कॅप्टन दारातूनच परत पाठवेल. म्हणजे निम्मे पैसे भरणाऱ्या मित्राची अख्खी फॅमिली धक्क्यावर, नाहीतर दोन बोटी, ३,६००. हे बुकिंगच्या आधी कळलं ते बरं झालं.

पण यातच सोय पण आहे. खरंच कोणाला जायचंय हे विचारा एकदा. बाबा, तुम्ही, मोठा मुलगा, मित्र, एवढेच ना? आईने (तुम्हीच पत्रात लिहिलंय) "माका बोट लागता" म्हणून आधीच सांगितलंय. चार जण बोटीवर, बाकीचे सगळे रेड हूकवरून (सेंट थॉमसचाच धक्का) फेरी पकडून २० मिनिटांत शेजारच्या सेंट जॉन बेटावर. त्या बेटाचा अर्ध्याहून जास्त भाग नॅशनल पार्क आहे, बीच असे की दिवस कुठे गेला कळणार नाही, आणि फेरीचं तिकीट बोटीच्या मानाने काहीच नाही. बऱ्याच चार्टर बोटी पण रेड हूकवरूनच सुटतात त्यामुळे सकाळी सगळे एकत्र निघा आणि संध्याकाळी तिथेच भेटा.

फुल डे का नको तेही सांगतो. तुम्हाला जो कोट आलाय तो नॉर्थ ड्रॉपचा आहे, बेटाच्या उत्तरेला साधारण २० मैल, जिथे तळ एकदम खाली जातो आणि ब्लू मार्लिन (भाल्यासारख्या चोचीचा मोठा मासा) येतो. जगभरातून लोक त्याच्यासाठी येतात, जुलै ते सप्टेंबर, पौर्णिमेच्या आसपास तर बोटी आधीच बुक असतात. पण मार्लिनचं फिशिंग म्हणजे तासन् तास ट्रोलिंग करत (चालत्या बोटीमागे गळ ओढत) वाट बघणं, दिवसभरात एकही चावा नाही असं सहज होतं, आणि लागलाच तर फोटो काढून सोडून देतात. गळ टाकून दोन तासांत कालवणापुरते मासे घेऊन घरी येणाऱ्या माणसाला आठ तास अटलांटिकच्या लाटांवर बसवून शेवटी मासा परत पाण्यात सोडायला लावणार तुम्ही? बाबा काय बोलतील ते मला इथे लिहिता पण येणार नाही. त्यापेक्षा हाफ डे, चार तास, जवळच्या पाण्यात, माही-माही नाहीतर वाहू नाहीतर किंगफिश. हा किंगफिश आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ आणि वाहू त्याच घराण्यातला, बाबा बघताक्षणी ओळखतील. हाफ डेचा तुमचाच दुसरा कोट ९५० चा आहे, त्यावर खलाशाची टीप २० टक्के धरा (ही ऐच्छिक आहे असं कागदावर असतं, प्रत्यक्षात देतातच), म्हणजे १,१४०, मित्र निम्मे देणार, तुमचे ५७०.

बुक करताना कॅप्टनला विचारून लेखी घ्या: इंधन धरलंय का वेगळं, हवा खराब म्हणून त्याने कॅन्सल केलं तर डिपॉझिट परत का, आणि पकडलेला मासा कोणाचा. शेवटचं महत्त्वाचं, कारण कॅरिबियनमध्ये बऱ्याच ठिकाणी मासा बोटीचा असतो आणि तुम्हाला जेवणापुरता कापून देतात, बाबांना हे धक्क्यावर कळलं तर भांडण. आणि बॅराकुडा लागला तर तो नको म्हणा. तिकडच्या खडकाळ भागातल्या बॅराकुडात आणि मोठ्या रीफ माशांत सिगुआटेराचं विष असू शकतं, ते शिजवून तळून जात नाही. कोणता मासा खायचा ते कॅप्टनलाच विचारा.

आता तारीख. ऑगस्टचा तिसरा आठवडा म्हणजे हरिकेन सीझन जोरात यायची वेळ. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, पण खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. २०१७ मध्ये ६ सप्टेंबरला इर्मा सेंट थॉमसवरूनच गेलं आणि दोन आठवड्यांत मागोमाग मारिया. त्यात बाबांचं भारताचं तिकीट ऑगस्टअखेर, अडकलात तर ते पण बदला. जूनचा शेवटचा आठवडा घ्या, शाळा सुटलेल्या असतात, हिवाळ्यातले भाव उतरलेले असतात. जोखीम शून्य होत नाही, २०२४ मध्ये बेरिल १ जुलैलाच ग्रेनाडाच्या बाजूला येऊन आदळलं होतं, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच आणि पहिलं तिकीट काढताच घ्या. वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर काढलेली पॉलिसी त्या वादळासाठी काही देत नाही.

जून धरला तर पैशाचं पण जमतं. कारचा हप्ता ५२० चा डिसेंबरमध्ये संपला असं तुम्ही लिहिलंय, तो आता कुठे जातोय माहीत नाही पण आजपासून वेगळ्या सेव्हिंग अकाउंटमध्ये टाका, पाच महिन्यांत २,६००. आधीचे ५,००० धरून ७,६००. तेवढ्यात बसवायचं. पाच रात्री, रिसॉर्टऐवजी किचनवाला दोन बेडरूमचा कॉन्डो (भावावर साडेबारा टक्के हॉटेल टॅक्स वेगळा लागतो, तो धरून २,००० च्या आत शोधा), विमानाची सहा तिकिटं २,९०० पर्यंत मिळाली तर लगेच घ्या, गाडी, खाणं, फेरी मिळून १,६००, बोट ५७०. पाचशे-साडेपाचशे उरतात, त्यात इन्शुरन्स. किचन असलं की आई मालवणी मसाल्याची पुडी आणि सोलं घेऊन येणारच, मग धक्क्यावरचा मासा रात्री ताटात. गाडी मात्र डावीकडून चालवायची आहे तिथे, अमेरिका असून, बाबा खूश होतील.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारलीच नाहीत. घरात इमर्जन्सीचे ९,००० आहेत आणि महिन्याचा खर्च ६,५००, म्हणजे दीड महिना पण नाही. त्यात सहा महिने दोन वयस्कर माणसं घरात, ज्यांना मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नाही. बाबांचं बीपी एका रात्री वाढलं आणि इमर्जन्सी रूममध्ये न्यावं लागलं तर हे ९,००० एका बिलात जाऊ शकतात. व्हिजिटर इन्शुरन्स "स्वस्तातला घेतलाय" एवढंच लिहिलंय तुम्ही, तो बहुतेक फिक्स्ड बेनिफिटवाला असणार, म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम देतो आणि बाकीचं तुमच्या डोक्यावर. कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनचा कोट काढा, जुन्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा, आणि व्हर्जिन आयलंड्समध्ये चालतो का ते कंपनीला ईमेलवर विचारा. यासाठी पैसे कमी पडले तर सहाव्या रात्रीचा विचार सुद्धा मनात आणू नका.

सगळ्यांचे पासपोर्ट आणि आई-बाबांचा आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) बरोबर ठेवा, टेरिटरी अमेरिकेची असली तरी परत येताना सेंट थॉमसच्या एअरपोर्टवर तपासतात. आणि तिथे कोणी ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सची डे ट्रिप विकायला आलं, अगदी समोर दिसतात ती बेटं, तर बाबांना घेऊन जाऊ नका, तो ब्रिटनचा प्रदेश आहे, अमेरिकेबाहेरचा, आणि अमेरिकेत परत शिरायचा प्रश्न उगाच उभा राहतो.

आज रात्री मित्राला फोन करा आणि दहा माणसांचं एका बोटीत जमत नाही हे आधी सांगा, तो निम्मे पैसे द्यायला अजून तयार आहे का ते बघा. तो नाही म्हणाला तर बोटीचे पूर्ण १,१४० तुमचे, म्हणजे इन्शुरन्सला ठेवलेले पाचशे-साडेपाचशे त्यातच जातात, मग एक रात्र आणि गाडीचा एक दिवस कमी करा.