प्लॉटचे ३६ लाख, त्यातले २५ दान: सगळे एकदम द्यावेत का?

प्रश्न: मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका, सांगलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. पेन्शन महिना ४२,००० रुपये, बँकेत १८ लाखांच्या ठेवी, आरोग्यविमा ५ लाखांचा. यजमानांनी फार पूर्वी घेतलेला प्लॉट यंदा ३६ लाखांना विकला. माझे धाकटे दीर मतिमंद होते. सगळं आयुष्य ओसरीवर बसून गेलं त्यांचं, कुणी काम दिलं नाही. इथल्या एका संस्थेच्या कार्यशाळेत अशी २८ प्रौढ मुलं कागदी पिशव्या आणि फायली बनवतात. त्यांना यजमानांच्या नावे २५ लाख द्यायचे आहेत. संस्था म्हणते, कायम निधीत द्या किंवा द्रोण-पत्रावळीचं यंत्र घेऊन द्या. भाचा म्हणतो, स्वतःचा ट्रस्ट काढ. मुलगी म्हणते, काहीच देऊ नकोस, म्हातारपणाला ठेव. काय करू?

उत्तर: ताई, मुलगी म्हणते ते अर्धं बरोबर आहे. द्यायचं की नाही हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडतो. त्या ओसरीचा हिशोब माझ्या एक्सेलमध्ये बसत नाही. कधी आणि कोणत्या रूपात द्यायचं, एवढंच सांगतो.

आधी एक गैरसमज. ३६ लाख सगळे तुमचे नाहीत. प्लॉटच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीला १२.५ टक्के, किंवा महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, यातला कमी पडेल तो पर्याय मिळतो. सीएकडून आकडा काढून घ्या. तोवर साडेचार लाख वेगळे ठेवा, त्याहून फारसे जास्त लागणार नाहीत. हातात राहिले साडेएकतीस.

दान केलं की हा कर माफ होईल असं कुणी सांगितलं असेल तर विसरा. संस्थेच्या पत्रकात ८०जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं कलम, ठळक छापलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अशा संस्थेला दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम वजा होते, पण देणगी धरली जाते ती उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच. आणि हे उत्पन्न मोजताना जमिनीचा दीर्घकालीन नफा बाजूला काढतात. म्हणजे तुमची पेन्शन आणि व्याज मिळून ६ लाख ३० हजार, नेहमीच्या वजावटी जाऊन साधारण ५ लाख ३० हजार. त्याचे १० टक्के ५३ हजार, त्याचे निम्मे साडेसव्वीस हजार. २५ लाख दिल्यावर कर वाचेल फार तर साडेपाच हजार, तोही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही, आणि प्लॉटचा नफा फक्त यंदाचा, म्हणून पुढच्या वर्षापासून तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत कर शून्य आहे. तेव्हा करासाठी देत असाल तर देऊ नका. दिरांसाठी द्या.

भाच्याच्या ट्रस्टबद्दल फार लिहीत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, आयकराकडे वेगळ्या नोंदण्या आणि त्यांचं नूतनीकरण. २५ लाखांवर ७ टक्क्यांनी पावणेदोन लाख व्याज येणार. त्यातलं बरंचसं सीए आणि कागदपत्रांतच जाईल. आणि हे सगळं सत्तरीत तुम्ही ओढणार?

आता यंत्र. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाने अशाच एका कार्यशाळेला दहा शिवणयंत्रं दिली, दात्याच्या नावाच्या पाट्यांसकट. वर्षभराने गेलो तर सात यंत्रांवर प्लास्टिकचं आच्छादन. शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या आणि दुसरी नेमायला पैसे नव्हते. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेला, पैसा येतो तोही बहुधा प्रकल्पाला बांधलेला: इतकी यंत्रं, इतके लाभार्थी, एक फोटो. काम शिकवणाऱ्या निदेशकाच्या पगाराला, मुलांच्या विद्यावेतनाला, रिक्षाभाड्याला कुणी पाटी लावत नाही.

रोजगार मात्र तिथेच घडतो. मतिमंद मुलाला बाहेर कामाला लावायचं म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे कुणीतरी त्याच्यासोबत बसने जायचं, कामाचे लहान तुकडे पाडून दाखवायचे, मालकाची भीड घालवायची, आणि सहा महिन्यांनी काही बिनसलं तर पुन्हा जायचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या, त्यात बौद्धिक अक्षमताही आली. खासगी मालकावर मात्र तशी सक्ती नाही. त्याच्या दारात जाऊन उभं राहणारा माणूस लागतो, आणि त्याला दर महिन्याला पगार लागतो. बाबा आमट्यांनी आनंदवनात दयेपेक्षा काम मोठं मानलं. तुमच्या शेजारच्या कोल्हापुरातल्या नसीमा हुरजूक यांच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या अपंगांसाठीच्या संस्थेने सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा कारखाना उभा केला. नावं घेतली ती शिफारस म्हणून नव्हे. हे काम एका धनादेशाने उभं राहत नाही, वर्षानुवर्षं चालवावं लागतं, एवढ्यासाठी.

कायम निधी वाईट नाही, मुद्दल शाबूत राहतं. पण ज्या कार्यशाळेला या महिन्याचा पगार जड जातो, तिला मुद्दलाला हात लावता येत नाही आणि व्याजाला महागाई खाते.

म्हणून मी असं सुचवतो. करानंतरच्या साडेएकतीसपैकी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तेवढीच तिची कमाल मर्यादा आहे. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील. त्यातले ३०,००० संस्थेला, बाकी तुमचे. बँकेतल्या १८ लाखांपैकी १० लाख दवाखान्यासाठी, त्यांना हात लावायचा नाही. एकट्या बाईला ५ लाखांचा विमा अपुरा आहे. उरलेल्या आठातून दरवर्षी २ लाख, असे तीन वर्षं. म्हणजे संस्थेला वर्षाला ३ लाख २० हजार, तीन वर्षांत ९ लाख ६० हजार, आणि तुमच्या मृत्युपत्रात १५ लाख. बेरीज जवळपास तुमच्या २५ लाखांचीच होते. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा, संस्थेचं नोंदणीकृत नाव आणि क्रमांक त्यात जसाच्या तसा लिहा, आणि मुलीला आधी वाचून दाखवा. तिला नंतर कळलं तर भांडण संस्थेशी होईल. मधल्या काळात मोठं आजारपण आलं तर मृत्युपत्र बदलता येतं. दिलेला धनादेश परत मागता येत नाही.

संस्थेला पत्रात लिहा की पैसे पगार आणि विद्यावेतनासाठी आहेत. यजमानांचं नाव निदेशकाच्या पदाला देता येतं, भिंतीलाच द्यावं असं नाही. धनादेशाने किंवा ऑनलाइन द्या, रोख नको, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीच्या प्रमाणपत्राचा फॉर्म १०बीई मागा. तो देता आला नाही तर संस्थेच्या नोंदींत गडबड आहे असं समजा. एकदा जाऊन विचारा: तीन वर्षांत किती मुलं बाहेर कामाला लागली, त्यातली वर्षभर किती टिकली, महिन्याला किती घरी नेतात? "चार लागले, दोन परत आले" असं सांगणाऱ्या संस्थेवर मी जास्त भरवसा ठेवीन. "सगळे छान आहेत" ऐकलं की मला ती शिवणयंत्रं आठवतात.

तुमचं वय साठीपुढचं, धंद्याचं उत्पन्न नाही, म्हणून आगाऊ कर भरायची सक्ती नाही. विवरणपत्रासोबत ३१ जुलैपूर्वी भरला तरी चालतो. यंत्राला मात्र आजच नाही म्हणून कळवा, आणि पहिला हप्ता कराचं चलन हातात आल्यावर पाठवा.