वाचकांचे प्रश्न : स्टेजकोचच्या काळात अमेरिकन गावं टपाल कसं मिळवत?

अमेरिकेतल्या जुन्या टपालसेवेबद्दल वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. काळ साधारण १७९२ ते १८६०. या काळात आगगाडी नव्हती, किंवा नुकतीच येत होती, आणि आतल्या गावांची भिस्त घोडेस्वारावर आणि स्टेजकोचवर, म्हणजे टपाल नि उतारू नेणाऱ्या चार घोड्यांच्या गाडीवर होती.

प्रश्न : १८३० च्या सुमारास एखाद्या नव्या वस्तीला टपाल हवं असेल, तर अर्ज करायचा कुणाकडे?

नेमकं काय हवंय त्यावर ते ठरायचं, आणि बहुतेक गावांची पहिली चूक इथेच व्हायची. टपालाचा रस्ता ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने संसदेला, म्हणजे काँग्रेसला दिला आहे. १७९२ च्या टपाल कायद्याने तो काँग्रेसने स्वतःच्याच हातात ठेवला. त्यामुळे आजवर टपाल न गेलेल्या वाटेने ते न्यायचं असेल, तर अर्ज काँग्रेसकडे. रस्ता आधीच ठरलेला आहे आणि त्यावर आपल्या गावात फक्त ऑफिस उघडायचं आहे, तर ते काम पोस्टमास्टर जनरलचं, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये बसणाऱ्या टपालखात्याच्या प्रमुखाचं. आठवड्याच्या एका फेरीच्या तीन करायच्या, घोडेस्वाराऐवजी गाडी आणायची किंवा वेळ बदलून घ्यायची, हेही त्यांच्याच अखत्यारीत. फेऱ्या वाढवा म्हणून काँग्रेसला अर्ज केला, की सगळं अधिवेशन त्यातच जायचं.

मागणी करणारेही थोडेथोडके नव्हते. १७९० साली देशभरात ७५ पोस्ट ऑफिसं होती. १८३० साली ती ८,४५० झाली आणि १८६० साली २८,४९८. यातल्या कितीतरी ऑफिसांमागे गावकऱ्यांच्या सह्यांचा कागद आहे.

प्रश्न : त्या अर्जात लिहायचे काय? नुसती विनंती पुरत असे का?

नुसत्या विनंतीने काही व्हायचं नाही. वरती ठरलेला मायना असे, ‘सन्माननीय सिनेट आणि प्रतिनिधीगृहास’ असा. खाली मात्र हिशेब लागे. रस्ता कुठून निघतो, कुठे पोचतो, मध्ये कोणती गावं आणि गिरण्या लागतात, एकूण मैल किती, नद्यांना पूल आहेत की नावेने ओलांडाव्या लागतात. आसपास कुटुंबं किती, सगळ्यांत जवळचं पोस्ट ऑफिस किती लांब, काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) न्यायालय कुठे भरतं. हे आकडे नसलेला अर्ज समितीसमोर टिकत नसे, कारण त्या वाटेवर हशील, म्हणजे टपालाचे पैसे, किती जमेल याचा अंदाज त्यांना दुसऱ्या कशावरून बांधता येत नव्हता.

सगळ्यांत जपून लिहायची ती मधल्या गावांची नावं. कायद्यात रस्त्याचं वर्णन ‘अमुक गावापासून, तमुक गावावरून, फलाण्या गावापर्यंत’ असं एका ओळीत येई. दोन गावांमध्ये एकाहून जास्त वाटा असतील, तर टपाल कोणत्या वाटेने न्यायचं हे पोस्टमास्टर जनरल ठरवत. म्हणून फक्त दोन टोकं लिहून भागत नसे. आपलं गाव ‘वरून’ या शब्दाआधी आलं नाही, तर रस्ता मंजूर होऊनही गाडी चार मैल पलीकडून निघून जाण्याची भीती असे. शेजारच्या गावाला हे बरोबर कळत असे. एका गावाने वाट वळवायचा अर्ज केला, की ज्यांच्या दारचं टपाल त्यामुळे बंद होणार त्यांचा विरोधाचा अर्ज मागोमाग येई. असे जोड-अर्ज वाचताना दोन्ही बाजूंचे मैल ताडून पाहावेत, कारण एकच रस्ता दोन कागदांवर दोन लांबींचा निघू शकतो.

सह्या शक्यतो दोन्ही टोकांच्या गावांतून घेत, म्हणजे भांडण नाही हे दिसे. राज्याच्या विधिमंडळाचा ठराव जोडता आला तर वजन वाढे. मग कागद आपल्या भागाच्या प्रतिनिधीकडे जाई, तो सभागृहात मांडी, आणि तिथून तो टपाल व टपालरस्ते समितीकडे जाई. प्रतिनिधीगृहात ही स्थायी समिती १८०८ पासून होती. मंजूर झालेले सगळे रस्ते मिळून एकच मोठं विधेयक बने.

वेळही सांभाळावी लागे. काँग्रेस डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरे, आणि एकाआड एक वर्षी ३ मार्चला संपे. त्या वर्षी फेब्रुवारीत पोचलेल्या अर्जाचा फारसा उपयोग नसे. म्हणून कापणी आटोपली की सह्या गोळा करायच्या आणि बर्फ पडायच्या आत कागद रवाना करायचा, हे शहाणपणाचं.

प्रश्न : कायदा झाला की टपाल लगेच सुरू होई का?

नाही. कायद्याने फक्त रस्ता टपालाचा ठरे. त्यावरून थैली न्यायला ठेकेदार लागे आणि ठेका निविदा काढून दिला जाई. देशाचे चार भाग करून दरवर्षी एका भागाचे ठेके चार वर्षांसाठी दिले जात. वर्तमानपत्रांत जाहिरात येई. तिच्यात प्रत्येक रस्त्याचे मैल, आठवड्याच्या फेऱ्या, सुटायचा आणि पोचायचा वार नि तास, आणि वाहन लिहिलेलं असे : घोड्यावरून, दोन घोड्यांच्या गाडीने, की चार घोड्यांच्या कोचने. चिखलाच्या भागात हिवाळ्यापुरती घोड्याची सवलतही मिळे.

गावकऱ्यांनी ही जाहिरात बारकाईने वाचायला हवी होती, कारण पुढची चार वर्षं तिच्यातच ठरत. ठेका चालू असतानाही फेऱ्या वाढवता येत, पण १८२५ च्या कायद्याप्रमाणे जादा पैसे मूळ रकमेच्या प्रमाणातच द्यायचे होते. त्यात ढिलाई झाली की काय होतं हे विल्यम बॅरी पोस्टमास्टर जनरल असताना (१८२९ ते १८३५) दिसलं. ठेकेदारांना सढळ हाताने जादा रकमा मिळाल्या, खातं कर्जात गेलं, काँग्रेसने चौकशी केली, आणि १८३६ मध्ये कायदा करून खात्याचा जमाखर्च सरकारी तिजोरीशी बांधला गेला.

प्रश्न : गावात पोस्ट ऑफिस असूनही पत्रं आठवडाभर उशिरा येत, असे वाचले. रस्ते खराब म्हणूनच ना?

रस्ते खराब होतेच. पण आमच्या मते खरा घोळ जोडणीचा होता, आणि गावकऱ्यांच्या अर्जांत त्याचाच उल्लेख सगळ्यांत कमी असे.

१८०० पासून टपाल मोठ्या वाटप-केंद्रांतून फिरू लागलं. लांबचं पत्र आधी केंद्रात जाई, तिथे छाटणी होई, मग ते फाट्यावरच्या गावाकडे निघे. आता समजा मुख्य रस्त्याची गाडी नाक्याच्या गावी मंगळवारी दुपारी पोचते, आणि तुमच्या गावचा घोडेस्वार तिथून मंगळवारी सकाळीच निघतो. फेरी आठवड्यातून एकच. मग ती थैली पुढच्या मंगळवारपर्यंत तिथेच पडून राहणार. अशा ठिकाणी घोडेस्वाराला बुधवारी पहाटे निघायला लावलं, की एक पैसाही न वाढवता सहा दिवस वाचतात. फेऱ्या दुप्पट करून मागण्यापेक्षा हे मिळणं कितीतरी सोपं होतं, कारण वेळ बदलायचा हक्क खात्याने जाहिरातीतच राखून ठेवलेला असे.

दुसरी अडचण वाटेतल्या ऑफिसांची. वाटेवरच्या गावांची थैली प्रत्येक ठिकाणी उघडायची. पोस्टमास्तर आपल्या गावची पत्रं काढून घेणार, पुढची घालणार, कुलूप लावणार. जिथे वेगळी वेळ ठरवलेली नसे तिथे यासाठी सात मिनिटं दिलेली असत. दिवसात पंधरा ऑफिसं लागली तर पावणेदोन तास यातच गेले, आणि तेही प्रत्येक पोस्टमास्तर दारात तयार उभा असेल तर. यावर उपाय म्हणून मोठ्या रस्त्यांवर दोन थैल्या ठेवत. लांबच्या टपालाच्या थैलीला पितळी कुलूप, ज्याची किल्ली फक्त मोठ्या केंद्रांकडे, आणि वाटेवरच्या थैलीला लोखंडी कुलूप.

उशीर सिद्ध करायचा तर कागद होता. गाडीबरोबर वेळेचा तक्ता फिरे आणि त्यावर येण्या-जाण्याची वेळ लिहिली जाई. शिवाय पोस्टमास्तर आगमन-निर्गमनाची नोंदवही ठेवून तिचा उतारा वॉशिंग्टनला पाठवी. उशिराला दंड होता, आणि त्या उशिराने पुढची जोडणी चुकली तर दंड जास्त. पण आपल्याच दुकानासमोर गाडी थांबवणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध पोस्टमास्तर (तो बहुधा गावचा दुकानदारच असे) लिहायला कचरत असेल, तर गावाने नुसतं ‘टपाल फार उशिरा येते’ असं कळवून काही होत नसे. तारीख, ठरलेली वेळ, आलेली वेळ आणि चुकलेली जोडणी असं महिनाभर लिहून पाठवलेलं पत्र नोंदवहीशी ताडता येई आणि त्याची दखल घेणं भाग पडे.

प्रश्न : घोडेस्वार जलद जातो, तरी लोक स्टेजकोचच का मागत?

टपालाच्या ठेक्याच्या पैशावर उतारू-गाडी चालते म्हणून. आतल्या भागात केवळ भाड्यावर रोज कोच चालवणं परवडत नसे. दर दहा-बारा मैलांवर ताजे घोडे, त्यांचा दाणा-चारा, हाकणारे, नालबंद, एवढा पसारा असे. ठेक्याची रक्कम बांधलेली असली की गाडी रिकामीही निघे. गावाला एकाच अर्जात पत्रं, वर्तमानपत्रं, प्रवास आणि खाणावळीला गिऱ्हाईक मिळे. न्यू हॅम्पशायरमधल्या कॉनकॉर्ड गावी १८२७ पासून बनणारे कोच चामड्याच्या जाड पट्ट्यांवर झुलत. नऊ उतारू आत बसत आणि टपालाची थैली हाकणाऱ्याच्या पायांखालच्या खणात जाई. घोडेस्वाराकडे एवढी जागा कुठली? वर्तमानपत्रांचे गठ्ठे जड झाले की तो ते मागे ठेवून पत्रं तेवढी घेऊन जाई, अशी तक्रार असे.

३ मार्च १८४५ च्या कायद्याने हे गणित मोडलं. ठेका सगळ्यांत कमी बोलीला द्यायचा आणि अट फक्त वेग, खात्री आणि सुरक्षितता एवढीच. वाहन कोणतं, हे विचारायचं नाही. खात्याच्या वहीत कारकून या तीन शब्दांऐवजी तीन तारका काढत. त्याआधी नव्या ठेकेदाराला जुन्याचे घोडे नि गाड्या ठरवलेल्या किमतीला विकत घ्याव्या लागत. तीही सक्ती गेली. एक घोडा असलेला माणूसही बोली लावू शकला, आणि अनेक गावांना टपाल राहिलं पण कोच गेला. गंमत अशी, की याच कायद्याने पत्रं स्वस्त केली, आणि तीही याच लोकांची मागणी होती.

प्रश्न : पत्राला खर्च किती येई?

१८२५ च्या दराने एका कागदाच्या पत्राला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० पर्यंत १०, १५० पर्यंत साडेबारा, ४०० पर्यंत पावणेएकोणीस, आणि त्यापुढे २५ सेंट. दोन कागद असतील तर दुप्पट. पाकीटही कागदातच धरत, म्हणून पत्राचीच घडी घालून त्यावर पत्ता लिहीत. पैसे बहुधा घेणारा देई. शेतमजुराचा रोज डॉलरच्या आत असताना पाव डॉलर देऊन पत्र सोडवणं जड जाई आणि बरीच पत्रं पडून राहत. त्यांची यादी जवळच्या वर्तमानपत्रात छापत, आणि तरीही कुणी आलं नाही तर ती वॉशिंग्टनला जात. १८४५ मध्ये अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १० असा दर झाला. १८५१ पासून आगाऊ पैसे भरले तर ३ सेंट.

वर्तमानपत्र मात्र आधीपासून स्वस्त होतं : १०० मैलांपर्यंत किंवा राज्याच्या आत कुठेही १ सेंट, त्यापलीकडे दीड. आतल्या गावांचे अर्ज वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. आठवड्याला दोन फेऱ्या मागणाऱ्या गावाला पत्रांइतकीच बाजारभावाची आणि काँग्रेसच्या कामकाजाची बातमी हवी असे.

प्रश्न : एवढ्याशा गावात पोस्टमास्तर व्हायला कोण तयार होई?

बहुधा दुकानदार किंवा खाणावळवाला. पगार नसे, जमलेल्या हशिलावर टक्केवारी मिळे, आणि लहान गावात ती अगदी किरकोळ असे. पण स्वतःच्या पत्रांना हशील माफ होतं आणि गाव दुकानात येत राही. शपथ घ्यावी लागे आणि जामीनखत द्यावं लागे. अर्जात तयार असलेल्या माणसाचं नाव आधीच घालणं बरं पडे.

प्रश्न : रस्ता मंजूर होईपर्यंत गावाने करायचे काय?

विशेष ऑफिस मागायचं. टपालरस्त्यावर नसलेल्या गावाला असं ऑफिस मिळू शके. जवळच्या ऑफिसातून थैली आणणाऱ्याला त्या ऑफिसच्या निव्वळ उत्पन्नातूनच पैसे मिळत, त्यामुळे सरकारला तोशीस नसे. कमाई बेताची असली की आणणारा टिकत नसे, हा त्यातला धोका. पण वर्षभर ते चाललं, तर पुढच्या अर्जात घालायला जमेचा खरा आकडा हाती येई.

प्रश्न : टपाल घरपोच कधीपासून मिळू लागले?

शहरांत १८६३ पासून. शेतावर राहणाऱ्यांसाठी १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउन, हॉलटाउन आणि युव्हिला इथून प्रयोग सुरू झाला आणि १९०२ मध्ये तो कायम झाला. तोवर स्टेजकोच मागे पडले होते. पण घरपोच टपालासाठीही शेतकऱ्यांना सह्यांचा अर्ज आपल्या प्रतिनिधीकडे द्यावा लागे, आणि रस्ता बारमाही जाण्याजोगा नसेल तर तो नामंजूर होई.