रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी वडील 'बरं नाही' म्हणतात. असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७४ वर्षांचे, साखर आणि बीपी गोळ्यांवर आटोक्यात, ईसीजीही ठीक, पण कुणीही विचारलं की 'बरं नाही'. शेजारच्या काकी ८१ च्या, गुडघे गेलेले, इन्सुलिन चालू, आणि त्या म्हणतात, 'मला काय धाड भरलीय?' मग वडील उगाच कुरकुर करतात का?

मला तसं वाटत नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी २९ वर्षं गेली. बीपीचं मशीन घेऊन वाड्यावाड्यांवर फिरताना 'तब्येत कशी?' हे किती हजार वेळा विचारलं असेन, देव जाणे. सुरुवातीला उत्तराकडे माझं लक्षच नसायचं. आकडा वहीत लिहायचा आणि पुढचं घर गाठायचं. चूक होती ती.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात सुमारे तीन हजार वयस्क लोकांना हाच साधा प्रश्न विचारून पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. १९८२ मध्ये निष्कर्ष छापून आले. 'तब्येत वाईट' म्हणणाऱ्यांना मृत्यूचा धोका 'उत्तम' म्हणणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला, आणि डॉक्टरांकडच्या नोंदी हिशेबात धरूनही फरक उरलाच. तुमच्या वडिलांचं भविष्य म्हणून हे वाचू नका. पण लॅबमध्ये न दिसणारं काहीतरी माणसाला आतून कळत असतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

माझ्या भागात एक आजोबा होते, गावच्या भजनात पखवाज वाजवणारे. एका पावसाळ्यानंतर ते 'बरं नाही' म्हणायला लागले. बीपी १३०/८०, साखर ठीक, सून वैतागलेली. दिवसभर बाल्कांवातल्या सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या पडवीतल्या बाकावर, बसून असायचे. एकदा बीपीचा पट्टा बांधताना मी म्हटलं, 'एकादशीला गेला होता ना?' त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं, तेव्हा म्हणाले, 'टाळ ऐकू येत नाहीत, मग हात कुठे मारू?' कान गेले, म्हणून भजन सुटलं, भजन सुटलं म्हणून माणसं सुटली. हे कुठल्या रिपोर्टात येणार? मुलाने श्रवणयंत्र आणलं, ते खरखरतं म्हणून कपाटात गेलं. पण भजनी मंडळातला एक जण दर एकादशीला स्कूटरवरून न्यायला येऊ लागला. आजोबा पखवाजाजवळ नुसते बसायचे. तीनेक महिन्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर आलं, 'बरं आहे, पण हा गुडघा...' तो 'पण' ऐकून मला हायसं वाटलं.

उलट बाजूही आहे. आपल्याकडे 'बरें आसा' हे उत्तर 'राम राम'सारखं तोंडातून निघतं. विशेषतः विधवा बायका सुनेच्या देखत दुसरं काही बोलतच नाहीत. त्यांना मी तुळशीपाशी किंवा मागे विहिरीकडे नेऊन विचारायची. मग कळायचं की रात्री चार वेळा उठावं लागतं, न्हाणीत पडायची भीती वाटते, गोळ्यांचे पैसे मागायला जीव होत नाही. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २,००० रुपये स्वतःच्या हातात असले, तर बोलण्यातही फरक पडायचा.

शिवाय ज्याला दवाखाना जवळ आणि चार अक्षरं येतात, तो दुखणं ओळखतो आणि सांगतो. २००२ मध्ये अमर्त्य सेन यांनी हेच दाखवलं होतं: केरळातले लोक बिहारपेक्षा कितीतरी जास्त जगतात, तरी आजारी असल्याचं जास्त सांगतात.

तेव्हा वडिलांना 'तब्येत कशी' विचारणं थोडे दिवस बंदच करा. विचारा, 'पूर्वी करत होता आणि आता सोडलंय असं काय?' उत्तर लगेच येणार नाही, घाई नको. कान तपासून घ्या. बीपी बसून आणि मग उभं राहून, दोन्ही बघायला सांगा. गोळ्यांमुळे उठताना चक्कर येत असली, तर बसून घेतलेल्या आकड्यात ती सापडत नाही. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. बी-१२ कमी झालं तरी थकवा येतो.

आणि मन. म्हातारपणी उदासी 'उदास आहे' म्हणून येत नाही. अंग दुखतं, झोप नाही, जेवण गोड लागत नाही, अशी येते. २०१९ मध्ये आपल्या गोव्यातल्याच १८१ ज्येष्ठांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक त्यांच्यातल्या एका गटाशी अडचणी सोडवण्याबद्दल, झोपेबद्दल बोलत होते. वर्षभरात त्या गटात ४.४ टक्के लोकांना नैराश्य आलं, ज्यांच्याशी असं बोलणं झालं नाही त्या दुसऱ्या गटात १४.४ टक्के.

काकींचं 'धाड भरलीय'ही तेवढ्यावर सोडू नका. दुपारी घरात कुणी नसताना चहा घेऊन जा, आणि रात्री झोप लागते का ते विचारा.