पाणी उकळू लागल्यावर आच वाढवली तर त्याचं तापमान आणखी वाढतं का?

नाही, उघड्या भांड्यातलं पाणी एकदा उकळू लागलं की आच कितीही मोठी केली तरी तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. पाणी फक्त लवकर आटतं. मग जास्तीची उष्णता जाते कुठे? द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात. ते आकर्षण तोडून त्यांना वाफेत मोकळं करण्यातच ती खर्ची पडते, रेणूंचा वेग वाढवायला उरत नाही. आणि तापमान म्हणजे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचंच माप. या उष्णतेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. 1 ग्रॅम पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापवायला साधारण 100 कॅलरी पुरतात, पण त्याच 100 अंशांच्या पाण्याची 100 अंशांचीच वाफ करायला सुमारे 540 लागतात! वाफेने उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं ते यामुळेच. मात्र 100 अंश हा उत्कलनबिंदू समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबासाठी आहे. उंच पर्वतावर दाब कमी असल्याने पाणी त्याआधीच उकळतं, तर प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते साधारण 120 अंशांपर्यंत तापू शकतं.