आयकराची डिमांड आली आणि हातात पैसे नाहीत

भोसरीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या दोन कारखान्यांच्या कॅन्टीनला जेवण पुरवत होत्या. जून 2024 मध्ये यजमानांची बायपास झाली आणि साठवलेलं सगळं त्यात गेलं. जुलैमध्ये त्यांनी 2023-24 चं रिटर्न वेळेत भरलं, पण कर भरायला पैसे नव्हते. नोव्हेंबर 2024 मध्ये एका कारखान्याला टाळं लागलं आणि तीन लाखांहून जास्त बिल अडकलं. पुढच्या वर्षाचं रिटर्न त्यांनी भीतीपोटी भरलंच नाही. आता 20 डिसेंबर 2025 ला 2023-24 साठी ₹1,38,400 ची डिमांड, म्हणजे थकलेला कर भरण्याची आयकर खात्याची मागणी, आली आहे. ओळखीचे एक गृहस्थ महिना तीन टक्क्यांनी पैसे द्यायला तयार आहेत. त्या विचारतात, "ते घेऊ, की मंगळसूत्र आणि पाटल्या मोडू? घर जाईल का? मला आत टाकतील का?"

ताई, तीन टक्क्यांचे पैसे घेऊ नका. तुमच्या पत्रातलं ते वाक्य वाचून मी थांबलो, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

डिमांड मुदतीत भरली नाही तर आयकर खातं कलम 220(2) प्रमाणे महिना एक टक्का व्याज लावतं, तेही सरळव्याज. तुमच्या रकमेवर ते महिन्याला ₹1,384 होतं. त्या गृहस्थांचं व्याज महिन्याला ₹4,152 होईल. वर्षभरात जवळजवळ पन्नास हजार द्याल आणि मुद्दल जागच्या जागी राहील. स्वस्त देणं फेडायला तिप्पट महाग देणं अंगावर घेण्यात काहीच अर्थ नाही. शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. सरकारी देण्याच्या धास्तीने सावकाराच्या दारात गेलेली माणसं मी वकिलीत पाहिली आहेत. खात्याचा कर फिटला, पण सावकाराचं देणं फिटायला किती वर्षं गेली!

आता डिमांडकडे वळू. ती बरोबर आहे हे आधी तपासा. आयकर पोर्टलवरून 26एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचे आणि व्यवहारांचे तक्ते, काढा. तुमच्या बिलांमधून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, कापला जात असणार. बंद पडलेल्या कारखान्याने तो कापला आणि सरकारकडे भरलाच नाही, असं असू शकतं. मग तुमच्या रिटर्नमधला तेवढा टीडीएस मान्य होत नाही आणि तीच रक्कम डिमांड म्हणून तुमच्याकडे मागितली जाते. कलम 205 सांगतं की जो कर तुमच्या पैशातून कापला गेला, तो पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. बिलं आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेले आकडे शेजारी ठेवा. फरक टीडीएसचाच असेल तर पोर्टलवर 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मध्ये थकीत डिमांडला उत्तर देताना तेवढ्या रकमेला असहमती नोंदवा. घाईत 'डिमांड इज करेक्ट' दाबू नका. ते एकदा पाठवलं की नंतर असहमती नोंदवता येत नाही.

तपासून रक्कम खरी निघाली, तर पुढचं सगळं तारखेवर अवलंबून आहे. सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांची मुदत असते. तुमची 19 जानेवारी 2026 ला संपते. त्या आत तुमच्या आयकर अधिकाऱ्याकडे कलम 220(3) खाली हप्त्यांसाठी अर्ज करता येतो. ही मुदत चुकली की कायद्याच्या भाषेत तुम्ही 'कसूरदार' होता. मग कलम 221 खाली दंडाची नोटीस येऊ शकते आणि बँक खात्यापर्यंत हात पोचतो. माझ्या एका अशिलाने अशीच नोटीस आठ महिने कपाटात ठेवली होती. एके दिवशी किराणा दुकानात कार्ड चाललं नाही, तेव्हा बँक खातं गोठल्याचं त्याला कळलं. त्याच्याही घरात आजारपण होतं, त्याचीही कारणं खरी होती. पण ती त्याने कोणाला सांगितलीच नव्हती.

अर्ज साधा हवा, एक पान पुरे. बायपासची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड, बंद कारखान्याची थकलेली बिलं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि महिन्याच्या जमाखर्चाचा खरा तक्ता जोडा. मग स्वतःहून प्रस्ताव द्या: ₹18,400 आत्ता, उरलेले ₹1,20,000 दरमहा ₹10,000 प्रमाणे बारा हप्त्यांत. असं फेडलंत तर वर्षभरात व्याज साधारण आठ हजारांपर्यंत जाईल. हप्ते देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, तो आधी जास्त रक्कम मागू शकतो. म्हणून पहिली रक्कम अर्जाच्या आधीच भरा आणि चलान जोडा. चलान भरताना 'डिमांड पेमेंट अ‍ॅज रेग्युलर असेसमेंट टॅक्स' म्हणजे 400 हा पर्याय निवडा. चुकून 300, म्हणजे 'सेल्फ असेसमेंट टॅक्स', निवडलात तर पैसे जातील, पण डिमांड तशीच दिसत राहील आणि दुरुस्तीसाठी खेपा घालाव्या लागतील.

एक गोष्ट बजावून सांगतो. झेपेल तेवढाच हप्ता लिहा. एक हप्ता चुकला तर कलम 220(5) प्रमाणे उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. अधिकाऱ्यापुढे बरं दिसावं म्हणून वीस हजार लिहून तिसऱ्या महिन्यात अडकण्यापेक्षा दहाच लिहा आणि पाळा.

दंडाची नोटीस आलीच तर घाबरून जाऊ नका. कर न भरण्याला योग्य आणि पुरेसं कारण असेल तर दंड लावायचा नाही, असं कलम 221 मध्येच आहे. दंडाआधी तुमचं म्हणणं ऐकावंही लागतं. तुमचं कारण कागदावर आहे. हप्ते सुरू झाले की 220(2) चं व्याज कमी किंवा माफ करण्यासाठी 220(2A) खाली वरिष्ठांकडे वेगळा अर्जही करता येतो. त्यासाठी खरी अडचण, परिस्थिती हाताबाहेर असणं आणि खात्याला सहकार्य, ही तिन्ही दाखवावी लागतात. पहिली दोन तुमच्याकडे आहेत. तिसरी 19 जानेवारीच्या आत केलेल्या अर्जाने तयार होते.

घराचं खरं ते सांगतो. राहतं घर जप्तीतून पूर्ण सुरक्षित आहे असं कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. पण एवढ्या रकमेसाठी आयकर खातं सहसा आधी बँक खात्याकडे आणि तुम्हाला पैसे देणं असलेल्या ग्राहकांकडे जातं. सासूबाईंबरोबर जोडखातं असेल तर त्यात दोघींचा वाटा निम्मा-निम्मा धरला जातो, जोवर वेगळं सिद्ध होत नाही. त्यांची पेन्शन त्यात येत असेल तर आजच वेगळ्या खात्यात वळवा आणि तिच्या नोंदी जपून ठेवा. मंगळसूत्राची मात्र काळजी सोडा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे, धर्माच्या रूढीनुसार स्त्रीला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूणही नाही. आयकराच्या वसुलीलाही तोच नियम आहे. पाटल्यांना हे संरक्षण मिळेलच असं नाही, पण त्या मोडायची वेळ अजून आलेली नाही.

आणि तुरुंग. पैसे नाहीत म्हणून कर राहिला, एवढ्यावर खटला उभा राहत नाही. त्यासाठी जाणूनबुजून कर चुकवण्याचा प्रयत्न दिसावा लागतो. वसुलीसाठी अटक करण्याची तरतूद आहे, पण ती ऐपत असून न देणाऱ्यांसाठी किंवा मालमत्ता लबाडीने इकडेतिकडे करणाऱ्यांसाठी. आणि त्याच नियमांत स्त्रीला अटक करता येत नाही असं स्पष्ट लिहिलं आहे.

मला जास्त काळजी न भरलेल्या रिटर्नची वाटते. 2024-25 चं उशिराचं रिटर्न 31 डिसेंबर 2025 पर्यंत भरता येत होतं, कर न भरताही. ती वाट आता बंद झाली. उरलं आहे अद्ययावत रिटर्न. ते भरण्याआधी सगळा कर, व्याज आणि उशिराचं शुल्क एकरकमी भरावं लागतं, हप्ते चालत नाहीत. वर कर आणि व्याजाच्या 25 टक्के जादा रक्कम द्यावी लागते. हा 25 टक्क्यांचा दर 31 मार्च 2027 पर्यंत आहे, त्यानंतर तो 50 होतो. मुदतीत भरलंत तर रिटर्न न भरल्याच्या खटल्याचीही धास्ती राहत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा येत असला तरी तुमच्या या दोन्ही वर्षांचा हिशेब 1961 च्या कायद्यानेच होईल.

ही रक्कम तुम्हाला वाटते तेवढी नसेलही. बुडालेलं बिल त्याच वर्षाच्या हिशेबात बुडीत म्हणून खरोखर लिहिलं असेल, तर ते उत्पन्नातून वजा होतं. पुढे पैसे मिळाले तर तेव्हा त्यावर कर द्यायचा. सीएकडे बसून हे आधी करा. परतावा निघत असेल तर मात्र तो या वाटेने मिळत नाही.

त्या बिलाच्या मागे लागा. जेवण पुरवण्याआधीच तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, असेल, तर 45 दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या बिलासाठी सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. कारखाना दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला असेल तर आधी तिथे दावा दाखल करावा लागेल, आणि त्याच्या मुदती फार कडक असतात. हे या आठवड्यातच विचारून घ्या.

19 जानेवारीला सोमवार आहे. अर्ज त्याच्या आधीच्या आठवड्यात पोर्टलवरून पाठवा, छापील प्रत कार्यालयात नेऊन द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.