सर्दी बाळाला, बोल आईला

"ताई, याला सर्दी झालीय. अंगावरचं पाजू की दोन दिवस बंद ठेवू?"

परळ भागात मी स्तनपान समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. यंदाच्या जानेवारीत आलेली ती मायलेकरं मात्र मनातून जात नाहीत.

बाळ ११ आठवड्यांचं. लालबागच्या चाळीतली १० बाय १२ची खोली, माणसं सहा. बाळंतिणीचे ओठ सुकलेले. रविवारी तिने दहीभात खाल्ला, तेच दुधातून बाळाला बाधलं, असं घरात ठरलं होतं. तेव्हापासून भात, दही, केळं बंद. भाकरी आणि लसणीची चटणी, एवढंच. त्यात बाळ छाती तोंडात धरून लगेच सोडायचं. "दूधच खराब झालंय माझं," ती म्हणाली.

मी तिला समोर पाजायला बसवलं. बाळाने अधाशासारखं तोंड लावलं, तीन-चार घोट घेतले, मग लालबुंद होऊन मान फिरवली आणि टाहो फोडला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. श्वासागणिक नाकात खुरखुर. इतकी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलेलं आणि तोंडात दूध, मग श्वास घ्यायचा कुठून?

आदल्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं होतं: ताप नाही, छाती साफ. सलाइनचे नाकात घालायचे थेंब लिहून दिले होते. बाटली पिशवीतच, सीलही न तोडलेली. "नुसतं मिठाचं पाणी, त्याने काय होणार?" असं घरी म्हणाले होते.

बाळाला आडवं घेऊन दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब घातले. ते शिंकलं, शेंबूड सैल झाला, मऊ सुती फडक्याने टिपला. दोन मिनिटांनी डोकं जरा उंच धरून पाजायला घेतलं. या वेळी मान फिरली नाही. खोलीत नुसता घोटांचा आवाज. ती मुकाट्याने रडत होती.

सासूबाई बाहेर बाकावर होत्या, हातात ओव्याची पुरचुंडी. त्यांना आत बोलावलं. "मावशी, घरात आधी कोण शिंकत होतं?"

"धाकटा. रोज लोकलने जातो ना."

सर्दी अशी येते, एकाकडून दुसऱ्याला, विषाणूची. आईच्या ताटातून नाही. उलट आईलाही सर्दी झाली तरी पाजायचंच. तिच्या दुधातून बाळाला प्रतिकारशक्ती मिळते. एका वेळी कमी प्यालं, तर थोड्या थोड्या वेळाने पाजायचं.

काही गोष्टींवर मी जरा कडकच बोलले. धुरी नको, धुराने बाळाची श्वासनळी आणखी चिडते. कापूर अंगाला चोळायचाही नाही, लहान बाळाला त्याने झटके येऊ शकतात. नाकात तेल घालायचं नाही, ते फुप्फुसात उतरतं. मध एक वर्षापर्यंत नाही. खोकल्याचं औषध तर नाहीच. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं बजावलंय.

मग मावशींना एक काम दिलं. बाळ शांत झोपलं की झबलं वर करायचं, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. दोन महिन्यांनंतर ५०च्या खाली हवं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०च्या खाली. तेवढे किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, ओठ निळसर दिसले, बाळ प्यायचंच थांबलं, किंवा तीन महिन्यांच्या आत १००.४ अंश ताप आला, तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. नुसतं नाक वाहत असेल तर दहा-बारा दिवस धीर धरायचा.

सर्दीमुळे दहाव्या आठवड्याची लस राहून गेली होती. साध्या सर्दीत ती थांबवायची गरज नसते, म्हणून पाचव्या दिवशी ते लसीकरणाला आले. नाक अजून वाहतच होतं. मावशींनी मला गाठून कागद दाखवला. मागे किराण्याचा हिशेब, पुढे ओळीने आकडे: ४२, ४४, ३९, ४१.

"आणि हिला काल दहीभात दिला हो," त्या म्हणाल्या.